आरिमाच्या रियोकानात दुपारचं स्टेक-जेवण

मीरा_ओसाका

या धाग्यात गोमांसाबद्दल लिहिलंय. ज्यांना ते वाचायला नको वाटेल त्यांनी इथेच थांबावं, ही मनापासून विनंती.

जपानला येणारे ओळखीचे लोक हमखास विचारतात, कोबे बीफ, म्हणजे कोबेचं ते प्रसिद्ध जाळीदार चरबीचं गोमांस, कुठे खायचं? बहुतेकांच्या यादीत कोबे शहरातल्या सान्नोमिया स्टेशनाजवळची स्टेकहाउसं असतात. ती चांगलीच आहेत. पण मला विचाराल तर रोक्को डोंगर ओलांडून पलीकडे आरिमा ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, जा आणि तिथल्या एखाद्या जुन्या रियोकानात (पारंपरिक जपानी अतिथिगृहात) दुपारचं जेवण घ्या. आरिमा कोबे शहराच्याच हद्दीत येतं, पण उतरल्यावर शहराचा मागमूस राहत नाही. अरुंद चढाच्या गल्ल्या, लाकडी घरं, मधेच कुठेतरी जमिनीतून वाफ निघतेय.

रियोकानात मुक्काम करायचा तर दोन वेळच्या जेवणासकट पैसे मोजावे लागतात आणि रक्कम दणदणीत असते. मात्र बऱ्याच रियोकानांत दिवसाची सोयही असते, तिला हिगाएरी म्हणतात. दुपारचं जेवण, गरम पाण्याचं स्नान, आणि संध्याकाळच्या आत घरी. आम्ही कोबे बीफचा सेट घेतला तो माणशी बारा हजार येनला पडला, स्नान धरून. जेवणात साधं वाग्यू (जपानी जातीच्या गुरांचं मांस) असेल तर दर बराच उतरतो.

जेवणाचा क्रम आधी सांगते, कारण स्टेक त्यात मध्ये कुठेतरी येतो. सुरुवातीला छोट्या वाडग्यात बांबूचे कोवळे कोंब, वर सान्शोचं (जपानी मसाल्याच्या झाडाचं) एक हिरवं पान. मग आकाशीच्या समुद्रातल्या ताई माशाचे कच्चे काप. मग चावानमुशी, म्हणजे अंड्याचं वाफवलेलं खारं कस्टर्ड, आत एक कोळंबी आणि एक गिंको बी. हे सगळं सावकाश येतं. वाढणाऱ्या बाई किमोनोत, प्रत्येक वेळी सरकतं दार गुडघ्यांवर बसून उघडतात आणि बंद करतात.

त्यानंतर मांस येतं, कच्चंच. बोटाएवढ्या जाडीच्या पट्ट्या, लालपेक्षा गुलाबी जास्त, आणि पांढऱ्या चरबीची इतकी बारीक जाळी की लाल सलग कुठे दिसतच नाही. शेजारी भोपळ्याची फोड, शिताके आळंबी, एक हिरवी शिशितो मिरची. समोर हातभर अंतरावर छोटी शेगडी, तिच्यावर मातीची जाड थाळी, खाली निळ्या रंगाची घट्ट इंधनाची वडी. बाईंनी वडी पेटवली, थाळी तापू दिली आणि चरबीचा एक तुकडा तिच्यावर फिरवायला सांगितला. तो कडेने पारदर्शक झाला की पहिली पट्टी ठेवायची. कडांचा रंग पालटला की उलटायची, आणि दुसऱ्या बाजूला पहिलीपेक्षा कमी वेळ द्यायचा. पहिला घास नुसत्या मिठाबरोबर. दुसरा ताज्या किसलेल्या वासाबीबरोबर. चरबीमुळे वासाबीचा झणका नाकात जातच नाही, नुसता सुगंध उरतो. तिसरा पोन्झू या आंबट सॉसमध्ये बुडवून. भाज्या शेवटी त्याच सुटलेल्या चरबीत परतायच्या. तोवर वडी आपोआप विझते.

मांस होतं माणशी शंभर ग्रॅमच्या आसपास. मला या धाग्यात मुख्यतः हेच सांगायचंय: ते पुरतं. दोनशे-अडीचशे ग्रॅमचा स्टेक मागवण्याच्या मोहात पडू नका. वाग्यूच्या चरबीत ओलेइक आम्ल पुष्कळ असतं, ऑलिव्ह तेलात असतं तेच, म्हणून ती कमी तापमानाला वितळते आणि घास जिभेवर विरघळल्यासारखा वाटतो. पण साजूक तुपातल्या शिऱ्याचं जे होतं तेच इथे होतं, पहिले चार घास स्वर्ग आणि मोठी वाटी संपवताना जीव मेटाकुटीला. शेवटी येणारा पांढरा भात, लालसर मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप आणि लोणची ही तोंड पुन्हा जागेवर आणण्यासाठीच असतात. रियोकानाच्या स्वयंपाक्याला हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आंबट, कडू, गरम, गार यांच्या मधोमध तो मांस बसवतो, आणि म्हणून उठताना पोट जड होत नाही.

जेवणाबरोबर एक छापील कार्डही आलं, त्यावर दहा आकडी नंबर. जपानमध्ये २००१ साली वेड्या गायींचा रोग सापडला, त्यानंतर २००३ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक गुराला असा नंबर मिळू लागला. सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की जन्मतारीख, लिंग, जात, कुठल्या प्रांतात जन्म, कुठे वाढलं, सगळं दिसतं. मी तिथेच बसून फोनवर पाहिलं: ह्योगो प्रांतात (कोबे याच प्रांतात) जन्मलेला काळा वाग्यू बैल, अडीच वर्षांच्या पुढचा. ताटात काय आहे ते इतकं उघडपणे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

स्नान जेवणाआधी करा. भरल्या पोटी गरम पाण्यात उतरू नये. आरिमाचं ‘सोनेरी’ पाणी जमिनीतून वर येताना स्वच्छ असतं, हवा लागली की त्यातलं लोह गंजाच्या रंगाचं होतं. समुद्रापेक्षा खारट. पांढरा टॉवेल आत नेलात तर तो पुन्हा पांढरा होणार नाही. गंमत म्हणजे जवळपास एकही ज्वालामुखी नाही. फिलिपीन समुद्राचा भूपट्ट खाली सरकताना खोलवर जे पाणी सुटतं तेच इथे वर येतं, असं भूशास्त्रज्ञ मानतात.

जायचं कसं: सान्नोमियाहून भुयारी रेल्वेने तानिगामी, तिथून शिनतेत्सुच्या गाडीने आरिमागुची, तिथे बदलून आरिमा ओन्सेन. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. ओसाकाहून थेट बसही आहे.

---

घाटमाथा

मीराताई, फार सविस्तर आणि छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. एक अडचण आहे. आई सोबत असेल, वय पंच्याहत्तर, गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही. आणि बक्षिशी किती द्यायची? वाढणाऱ्या बाई इतकं करतात म्हणताय तर काही न देता उठणं बरं वाटत नाही.

---

मीरा_ओसाका

घाटमाथा, आरक्षण करतानाच खुर्ची-टेबल मागा. आता पुष्कळ ठिकाणी तातामीवरच (जाड गवती चटईवरच) बुटकं टेबल आणि खुर्च्या मांडलेल्या असतात, काही ठिकाणी टेबलाखाली पाय सोडायला खड्डा असतो. पण खड्ड्यातून उठताना आईंना त्रास होईल, तेव्हा स्पष्ट ‘खुर्ची’ असंच लिहा. आरिमात चढउतार बरेच आहेत. रियोकानाला गाडीची वेळ कळवा, अनेक जण स्टेशनवर वाहन पाठवतात.

बक्षिशी नाही. मुक्कामाला गेल्यावर काही जपानी लोक पाकिटात घालून थोडी रक्कम देतात, पण दुपारच्या जेवणाला कुणी अपेक्षा करत नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर त्या बाई ते परत द्यायला रस्त्यापर्यंत धावत येतील. उठताना नीट वाकून ‘गोचिसोसामा देशिता’ (जेवणाबद्दल आभार) म्हणा. आईंनी हात जोडले तरी पोचेल.

---

वेंगुर्लेकर

सान्शोचा उल्लेख वाचून राहवलं नाही. हे आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड आहे. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कुल एक आणि वंशही एक, झॅन्थॉक्सिलम. लिंबू आणि कढीपत्ता हेही त्याच कुळातले. आमच्याकडे बांगड्याच्या नाहीतर तारल्यांच्या तिकल्यात तिरफळं पडली नाहीत तर जेवण पुरं होत नाही. आतली काळी बी काढून टाकायची, नुसती साल ठेवायची, जरा ठेचून कालवणात सोडायची. सान्शोचंही तेच, साल ठेवतात, बी टाकतात. मी कोबेला जहाजावर असताना ईलबरोबर खाल्लं होतं. जिभेला तीच मुंगी, फक्त वास लिंबाकडे जास्त झुकणारा.

मीराताई, मांसाबरोबर सान्शो दिलं होतं का?

---

मीरा_ओसाका

वेंगुर्लेकर काका, दिलं होतं! चौथा घास सान्शो-मिठाबरोबरच होता, लिहायचं राहून गेलं. शिवाय आरिमाच्या डोंगरातला सान्शो जुन्या काळापासून नावाजलेला, इतका की जपानी स्वयंपाकात सान्शो घालून शिजवलेल्या पदार्थांच्या नावात ‘आरिमा’ येतं. गल्लीतल्या दुकानांत सान्शोचे हिरवे दाणे सोयासॉसमध्ये शिजवून बाटलीत भरून विकतात. गरम भाताबरोबर अर्धा चमचा पुरतो. तुम्ही तिरफळाच्या घरातले, तुम्हाला भारी आवडेल.

---

बांधावरून

मी गोमांस खात नाही आणि खाणारही नाही. आमच्याकडे बेंदराला बैलाच्या शिंगांना रंग लागतो, पुरणपोळीचा पहिला घास त्याचा. ज्याने जन्मभर नांगर ओढला त्याला कापणं माझ्या मनाला पटत नाही. तरी धागा शेवटपर्यंत वाचला, कारण लिखाणात उथळपणा नाही. एकच प्रश्न. जपान भाताचा देश, तिथेही बैलच नांगर ओढत असणार. त्या शेतकऱ्यांना हे कसं जमलं?

---

जुनी_पानं

बांधावरून, तुमचा प्रश्न रास्त आहे. जपान्यांनाही ते सहज जमलं नाही.

इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने फर्मान काढलं: शेतीच्या महिन्यांत गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी मारून खायची नाही. बौद्ध धर्माचा प्रभाव हे एक कारण, आणि कामाचं जनावर वाचलं पाहिजे हे दुसरं. पुढे हजार-बाराशे वर्षं गुरांचं मांस हा समाजाच्या कडेचा, औषधाच्या नावाखाली खायचा पदार्थ राहिला. आज ज्यांच्या मांसाला कोबे बीफ म्हणतात ती ह्योगोच्या उत्तरेकडच्या ताजिमा भागातली गुरं डोंगरातल्या लहान खाचरांत कामाला जुंपलेली असायची. चिवट, काटक, अंगाने लहान.

१८६८ साली कोबे बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं. युरोपीय लोक उतरले, त्यांनी ही गुरं कापून खाल्ली आणि चवीची ख्याती पसरली. १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, तेव्हा जनतेतला संकोच हळूहळू ओसरला. शेतातून बैल खऱ्या अर्थाने गेला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, यांत्रिक नांगर आल्यावर. तेव्हापासून हे जनावर फक्त मांसासाठी पाळलं जातं.

तुमच्या मनातली टोचणी तिथेही आहे. कत्तलखान्यांच्या आणि पशुपालकांच्या आवारात जनावरांच्या आत्म्यांसाठी स्मारकशिळा असतात, वर्षातून एकदा तिथे भिक्षू बोलावून प्रार्थना करतात. मारणारे, विकणारे, सगळे हात जोडून उभे राहतात.

---

बांधावरून

धन्यवाद. शिळेचं माहीत नव्हतं. बरं वाटलं वाचून.

---

नागोयाचा_निखिल

धागा आवडला, पण कोबेच का, हा माझा आक्षेप आहे. गिफू प्रांतात ताकायामाला जा. हिदा बीफही काळ्या वाग्यूचंच. १९८० च्या दशकात ‘यासुफुकु’ नावाचा वळू ह्योगोहून गिफूत आणला आणि त्याच्या वंशावर हिदाचं नाव उभं राहिलं, म्हणजे मूळ ताजिमाच. नियमही स्पष्ट आहे: किमान चौदा महिने गिफूत वाढलेलं आणि गुणवत्तेची श्रेणी पाचपैकी किमान तीन.

तिकडच्या रियोकानात मॅग्नोलियाच्या वाळलेल्या मोठ्या पानावर मिसो, कांदापात आणि आळंबी घालून शेगडीवर ठेवतात आणि त्यात मांस भाजतात. पान करपायला लागलं की मिसोचा जो वास सुटतो! डोंगराळ, थंड प्रदेशाचं जेवण आहे ते. नुसत्या मिठाबरोबरच्या स्टेकपेक्षा मला ते कितीतरी जवळचं वाटतं. दुपारी जेवा, सकाळी मियागावाच्या काठचा बाजार बघा, दुसऱ्या दिवशी शिराकावागो. पैसेही कोबेपेक्षा कमी लागतात.

---

मीरा_ओसाका

निखिल, पानावरच्या त्या मिसोबद्दल (त्यालाच होबा मिसो म्हणतात) पूर्ण सहमत, तो वास विसरता येत नाही. आपण दोघं एकच म्हणतोय की, मांस जिथलं आहे तिथल्या जेवणात बसवून खावं. ज्यांचा मुक्काम ओसाका-क्योतोत आहे त्यांना आरिमा अर्ध्या दिवसात जमतं, ताकायामाला एक रात्र तरी लागतेच. नागोयाहून येणाऱ्यांनी बेलाशक तुझं ऐकावं.

---

तवा_गरम

मी स्टेकहाउसवाल्यांची बाजू घेतो. लोखंडी तव्यासमोर बसून खायची तेप्पानयाकीची रीत कोबेतच सुरू झाली, ‘मिसोनो’ या उपाहारगृहात, १९४५ साली. म्हणजे तीही आता कोबेची परंपराच. आणि तव्यामागे उभा असलेला आचारी जे करतो ते घरगुती शेगडीवर आपल्याला जमत नाही. लसणाचे काप आधी चरबीत सोनेरी करून बाजूला काढतो, मग त्याच तुपकट तव्यावर मांसाची कड उभी धरून भाजतो, मग सपाट बाजू, मग तुकडे करून पुन्हा क्षणभर. शेवटी मोड आलेली कडधान्यं आणि लसूणभात त्याच तव्यावर. तो लसूणभात मला कुठल्याही मिसो सूपपेक्षा प्यारा आहे.

प्रमाणाबद्दल मात्र ताईंशी सहमत. फिले (कमी चरबीचा मऊ भाग) असेल तर दीडशे ग्रॅम चालतं, सरलॉइन (जास्त चरबीचा भाग) असेल तर शंभरच्या पुढे जाऊ नये. आणि ए-फाइव्ह या सर्वोच्च श्रेणीच्या मागे धावू नका. ‘ए’ म्हणजे धडातून किती मांस निघतं त्याची श्रेणी, चवीशी तिचा संबंध नाही. ‘पाच’ ही गुणवत्ता. तिच्यासाठी चरबीच्या जाळीचे बारापैकी किमान आठ गुण लागतात. कोबे बीफच्या शिक्क्याला सहा पुरतात. मला स्वतःला सहा-सातचंच जास्त रुचतं, मांसाची चव शिल्लक असते.

---

मीरा_ओसाका

तवा_गरम, लसूणभातावर माझ्याकडे उत्तर नाही! काही रियोकानांनी तेप्पानचा काउंटरही ठेवलाय, आरक्षण करताना विचारावं. तुमच्यासारख्यांना तिथे दोन्ही मिळेल.

---

अनघा_शाकाहारी

आमच्या सहा जणांच्या गटात दोघी शाकाहारी, एक जण मासे खाणारा. रियोकानात नेलं तर आम्ही काय नुसता भात खायचा?

---

जुनी_पानं

अनघाताई, आधी कळवलंत तर नाही. निदान चार-पाच दिवस आधी, लेखी आणि जपानीत. नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही, कारण जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, म्हणजे उकळून काढलेला पातळ रस, आणि दाशीत बहुधा बोनिटो मासा. सूप, चावानमुशी, शिजवलेल्या भाज्या, सोबाच्या (शेवयांच्या) वाटीतला रस, सगळ्यांत तो असतो. म्हणून ‘मांस, मासे आणि माशाची दाशी नको, कोम्बू आणि शिताकेची दाशी चालेल’ असं लिहा (कोम्बू म्हणजे समुद्रशेवाळ). अंडं चालतं की नाही तेही लिहा. बौद्ध मठांतली शाकाहारी शोजिन-र्‍योरी स्वयंपाक्यांना माहीत असते, त्यामुळे तयारीला वेळ मिळाला तर तोफू, युबा (सोयादुधाची साय), तीळ, कंदमुळं यांचं सुरेख ताट येतं. सगळीकडे जमेल असं नाही. जिथे ‘जमणार नाही’ असं सरळ उत्तर येतं तिथे आग्रह करू नका, दुसरं ठिकाण बघा. मासे खाणाऱ्याला काहीच अडचण नाही.

गावात तान्सान सेन्बेई मिळतात, इथल्या सोडायुक्त झऱ्याच्या पाण्यात मैदा आणि साखर कालवून भाजलेल्या पातळ कुरकुरीत चकत्या. पारंपरिक कृतीत अंडं नसतं, तरी पाकिटामागचं वाचून घ्या. आणि कोबेत कितानो भागात १९८५ साली बांधलेलं जैन मंदिर आहे, भारतीय मोत्यांच्या व्यापाऱ्यांची वस्ती जुनी. शहरात परतल्यावर शाकाहारी भारतीय जेवणाची चिंता नाही.

---

अनघा_शाकाहारी

खूप आभार. दाशीचं वाक्य तसंच्या तसं वापरते.

---

घाटमाथा

अजून एक शंका. मुंबई-पुण्यात काही हॉटेलांच्या मेन्यूत ‘कोबे’ दिसतं, ते खरं का?

---

तवा_गरम

भारतात गोमांसाच्या आयातीला बंदी आहे, त्यामुळे खरं कोबे बीफ तिथे पोचणंच शक्य नाही. जपानमधून ते बाहेर जायलाच मुळात २०१२ साली सुरुवात झाली, पहिल्यांदा मकाऊला. खुद्द जपानमध्येही ओळख पटवायची तर कोबे बीफच्या संघटनेच्या सभासद दुकानात बैलाची छोटी ब्राँझची मूर्ती ठेवलेली असते, ती बघा. आणि मीराताईंनी सांगितलेला दहा आकडी नंबर मागा. कोबेच्या गुरांना बिअर पाजतात, मालिश करतात या ऐकीव गोष्टींवर भुलू नका. कुणी एखादा पशुपालक करतही असेल, पण कोबे बीफच्या नियमांत त्यांना जागा नाही.

---

मीरा_ओसाका

घाटमाथा, आईंना घेऊन येताय तर मार्चअखेर किंवा एप्रिल धरा. बांबूचे कोंब तेव्हाच मिळतात. नोव्हेंबरात पानांचे रंग बघायला रोक्कोवरून रोपवेने बारा मिनिटांत आरिमाला उतरता येतं, ते दृश्य सुंदर असतं, पण शनिवार-रविवारी दुपारच्या जेवणाचं आरक्षण मिळता मिळत नाही. शिवाय वारा जोराचा असला की रोपवे बंद ठेवतात, परतीची गाडी त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. सोमवार ते गुरुवार या, साडेअकराची वेळ घ्या म्हणजे आधी स्नान होईल. तारखा ठरल्या की व्यनि (खासगी निरोप) करा, जपानीतला मजकूर मी लिहून देते, खुर्चीसकट.